मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर मुळात भित्रे, आणि उभा जन्म त्यांनी शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढला! गाडीत त्यांच्याही पायाखाली एक ब्रेक होता. शिकणाऱ्याने चूक करायच्या आधीच मास्तर तो दाबून मोकळे होत. माघारी सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. दाबून दाबूनच उजवा गुडघा कामातून गेला, असं ते सांगत; डॉक्टर म्हणाले, वय झालं.

त्यांच्या हाताखाली भलेभले गाडी शिकले, फक्त पोटच्या मुलीला ती आली नाही. "बाबा, तुमचा पाय तिथे आहे तोवर मला काही जमायचं नाही," असं म्हणून ती भर रस्त्यात उतरली, ती पुन्हा स्टिअरिंगला शिवली नाही. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं.

गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशन त्यांच्या हाताखाली शिकणारी डॉक्टर करेल, ते स्वतः शेजारी उभे राहतील आणि कॉम्प्युटर सगळं मोजत राहील. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात खिळे रोवायचे, त्यांवर चकाकते गोळे, आणि ते गोळे कॅमेऱ्यात बघून कॉम्प्युटर सांगणार की हाड किती अंश वाकडं कापलं जातंय. मास्तरांनी मान डोलावली. आता नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? झोपेचं इंजेक्शन मात्र त्यांनी साफ नाकारलं. गाडी दुसऱ्याच्या हाती असताना त्यांनी कधी डोळे मिटले नव्हते.

म्हणून ते टक्क जागे होते. पाठीत दिलेल्या इंजेक्शनने कमरेखाली सगळं बधिर, छातीपुढे हिरवा पडदा, आणि पलीकडचा शब्द न् शब्द कानावर पडत होता.

"स्क्रीन माझ्याकडे वळवा," मोठे डॉक्टर म्हणाले. "आता तू नुसत्या नजरेने मांडीच्या हाडावर ठोकळा लाव. करवत त्याच्याच फटीतून जाणार आहे. सरळ वाटला की सांग, मग बघू कॉम्प्युटर काय म्हणतोय."

मग त्या शिकाऊ डॉक्टर मुलीचा आवाज आला, "सरळ आहे, सर."

"चार अंश आत गेलाय."

उजवा पाय सवयीने ब्रेक शोधायला निघाला आणि त्यांना कळलं, आपल्याला पायच नाहीत. भीतीने हातपाय गाळावेत, तर निम्मं काम इंजेक्शनने आधीच उरकलं होतं.

उशाशी उभी असलेली नर्स वाकली. "काका, काही त्रास होतोय का?"

'मोठ्या डॉक्टरांना म्हणावं, तुम्हीच करा.' एवढंच बोलायचं होतं, आणि बोलले असते तर कोणी अडवलंही नसतं. पण पडद्यापलीकडून त्या मुलीचा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. तो श्वास त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या मुलीने गाडी शिकायच्या शेवटच्या दिवशी स्टिअरिंगवर असाच घेतला होता.

"काही नाही," मास्तर म्हणाले. धडधडीत खोटं.

पलीकडे त्या मुलीने ठोकळा सरकवला, स्क्रीन बघून पक्का केला आणि करवत चालली. पायाला काही कळत नव्हतं, पण आवाज दाढांत घुमत होता.

"आता नडगी. या वेळी स्क्रीन बघूनच लाव," मोठे डॉक्टर म्हणाले. "हं, शून्य. छान! घे करवत."

करवत सुरू झाली नाही.

"सर," ती मुलगी म्हणाली, "स्क्रीन शून्य दाखवतेय, पण मला ठोकळा तिरका दिसतोय. मघाशी माझं कोपर खिळ्याला लागलं. मी बोलले नाही."



"खिळा हललाय, स्क्रीन चुकीचं सांगतेय," तपासून झाल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले. "तसंच कापलं असतं तर पाय वाकडाच बसला असता. खिळा पक्का कर आणि पहिल्यापासून मोज."

मघाशी आपण तोंड उघडलं असतं, तर आता तिने उघडलं असतं का? या विचाराची धास्ती करवतीपेक्षा मोठी होती.

पाय सरळ बसला. काठी सुटली तशी एका सकाळी मास्तरांनी गाडीची किल्ली आपल्या मुलीपुढे धरली.

"तुम्ही शेजारी बसणार?" तिने किल्लीला हात न लावता विचारलं.

"नाही."

मास्तर मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले. तिथून ब्रेकला पाय पोचत नाही. गाडी गचके खात निघाली, वळणावर नको तितकी रुंद गेली, आणि समोरून बस आली. नवा गुडघा आपोआप ताठला. पायाखाली नुसती मॅट होती. मास्तर जीव मुठीत धरून बसून राहिले. बस बाजूने निघून गेली.

"बाबा, भीती वाटतेय?" मुलीने आरशातून पाहत विचारलं.

"खूप," मास्तर म्हणाले. "तू पुढे बघ."