लॅपटॉप न घेता आवणीला

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये एक मुलगी माझ्या शेजारी बसून नेलकटरनं नखं कापत होती. आवणीला, म्हणजे भात लावायला, आठ दिवस घरी चालली होती. नखांत चिखल जातो म्हणाली. ठाण्यात सर्व्हर सांभाळते. मीही तेच करतो. फरक एवढाच, की माझा लॅपटॉप मांडीवर होता आणि तिचा ठाण्याच्या खोलीवर.

घाटातल्या एका वळणावर रेंज येते. माझा सर्व्हर अडला होता, म्हणून मी ड्रायव्हरला तिथं जीप थांबवायला लावली आणि एकेक फाइल दुरुस्त करत बसलो. तेवढ्यात तिचाही फोन वाजला. तिनं मेसेज वाचला आणि पुढचं नख घेतलं.

"बघत नाही?" मी विचारलं.

"काय बघू, दादा? एक मशीन गेली. तिच्यावरचे प्रोग्रॅमचे कंटेनर मशीनींच्या क्लस्टरनं दुसऱ्या मशीनवर नेले. आमची ऑपरेटिंग सिस्टीम चालू असताना कुणाला बदलताच येत नाही. बिघडली तर ती मशीन काढून टाकायची, तशीच कोरी उभी करायची, तेही क्लस्टरच करतो. मी हात लावायचाच नाही."

ती तिथंच उतरून खालच्या तिच्या पाड्याच्या वाटेला लागली. माझ्यावाचून अडतं, याचा मला इतकी वर्षं केवढा तोरा होता!

मोखाड्यातल्या बहिणीच्या घरून पुढचे आठ दिवस मी रोज त्या वळणावर रेंजसाठी येत होतो. खाली खाचरात बायका ओळीनं वाकलेल्या असायच्या. त्यातली ती कोणती, वरून कळायचं नाही. म्हणून मी सगळ्यांवरच जळायचो.