साडूंची जेट रेल्वे

माझ्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका भाबडाही. हे दोन्ही गुण एकाच माणसात सुखानं नांदतात, कारण साडूंचा नियमच आहे की डोळ्यानं बघितलं तेवढंच खरं. दूध ते फक्त चौकातल्या दूधकट्ट्यावर पितात, तेही म्हशीची धार समोर काढली तर. मटण कापताना खाटकाच्या पुढ्यात उभे राहतात. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, तर यंत्रावरचा आकडा स्वतः बघितल्याशिवाय गोळी घेत नाहीत. मात्र मोबाइलवरचा व्हिडिओ डोळ्यानंच बघायचा असल्यामुळं तो त्यांच्या लेखी धारोष्ण दूध ठरतो.

दसऱ्याच्या सुमारास त्यांना असाच एक व्हिडिओ आला. रेल्वेच्या डब्याच्या टपावर विमानाची इंजिनं, मागं ज्वाळा, आणि खाली मजकूर की कोल्हापूर ते रत्नागिरी जेट रेल्वे दिवाळीपासून सुरू, घाट बोगद्यातून. साडूंनी तो समस्त पाहुण्यारावळ्यांना पाठवला, कट्ट्यावर म्हशीच्या मालकाला दाखवला आणि माळ्यावरची बॅग काढून झाडून ठेवली.

हसू येण्यासारखंच होतं, पण घरात कुणी फारसं हसलं नाही. त्यांची धाकटी बहीण रत्नागिरीत असते आणि साडूंना घाटात गाडी लागते. लागते म्हणजे, मलकापूर आलं की पुढच्या घाटाच्या नुसत्या विचारानं ते खिडकी गाठतात. एकदा तर मलकापुरातूनच उलट्या गाडीनं घरी आले. म्हणून भाऊबीजेला भावानं जायचं सोडून वर्षानुवर्षं बहीणच ओवाळायला कोल्हापूरला यायची. यंदा तिच्या गुडघ्यांनी नकार दिला होता.

शेवटी मीच त्यांना खरं सांगितलं. अशी गाडी फार पूर्वी अमेरिकेनं आणि रशियानं करून बघितली होती, पण परवडणारं काम नव्हतं, दोघांनीही नाद सोडला. चित्र त्या प्रयोगाचं, बाकी मजकूर कुणाच्या तरी डोक्यातला. साडूंनी व्हिडिओ पुन्हा लावला. "पावणं, इंजिन तर खरं हाय की," म्हणाले. मी म्हटलं, इंजिन खरं, आपली रत्नागिरीची गाडी खोटी. त्यांनी व्हिडिओ बंद केला. मग फोन खिशात टाकून म्हणाले, "मग यष्टीनंच जायला पायजे. तुमी येतासा काय संगं?"

गेलो. साडूंच्या तोंडात आवळासुपारी, नाकाशी लिंबू. मलकापूर मागं पडल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले, माझं मनगट धरलं आणि घाट उतरेपर्यंत कंडक्टरला जेट रेल्वेची सविस्तर माहिती दिली. मध्ये एकदा गाडी थांबवावी लागली, बाकी प्रवास सुखाचा झाला.

बहिणीनं खुर्चीत बसूनच ओवाळलं. साडूंचा चेहरा अजून पांढराफटक होता. तो बघून तिचे डोळे भरले, माझेही. "दादा, आता परत कवा येतोस?" तिनं विचारलं.

साडूंनी माझ्याकडं चोरून बघितलं. "जेट सुरू हुंदे, दर ऐतवारी येतो," ते म्हणाले. तिनं खरं काय म्हणून माझ्याकडं पाहिलं. काम चालू आहे, असं मी बेधडक सांगून टाकलं.

तिला ते कितपत पटलं, देव जाणे. ओवाळणीचं ताट बाजूला ठेवत ती म्हणाली, "मग टेशन जरा घराजवळ करा म्हणावं. न्यायला यायचं तर मला लांब चालवत न्हाई."