जित्या माणसाला हार

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एक खिळा आहे. तो आमचा नाही, सिनेमावाल्यांनी ठोकलेला आहे. सिनेमा आला, गेला, लोक विसरलेसुद्धा. तो खिळा काही माझ्या डोक्यातून जात नाही.

मी सांगलीला कॉलेजात शिकवते आणि सुटीला उंब्रजजवळच्या आमच्या गावी आईवडिलांकडे जाते. सिनेमाचं मला वेड आहे, त्यातही वास्तववादी सिनेमाचं. नाचगाणी नकोत, रंगवलेले सेट नकोत. खरी घरं, खरी माणसं, बाजारात भेटतात तसे चेहरे. आमच्या फिल्म क्लबात यावर मी तावातावानं बोलायची. समाज आहे तसा दाखवला की खरं आपोआप दिसतं, असं माझं सरळ गणित होतं. त्यामुळे अशाच एका सिनेमासाठी आमचं घर निवडलं गेलं, तेव्हा मी हुरळून गेले.

गोष्ट साधी होती. साताऱ्याच्या एमआयडीसीतली नोकरी गेलेला मुलगा, त्याची विधवा आई आणि भिंतीवर वारलेल्या फौजी बापाचा फोटो. आमच्या घरात फौजी बाप होताच. फक्त तो जिवंत होता आणि अंगणात खुर्ची टाकून शूटिंगच्या पोरांना मिलिटरीच्या हिंदीत हुकूम सोडत होता.

पोरांनी आमचा फ्रीज गोठ्यात नेऊन ठेवला. आईनं हौसेनं बसवून घेतलेल्या फरशीवर पोती अंथरली. "गरिबी दावायची हाय तर आमच्याकडं कशाला आलाय?" असं आईनं तोंडावर विचारलं. दिग्दर्शक नुसता हसला. तो तरुण होता, चांगला होता, आणि मला जे सिनेमे आवडायचे तेच त्यालाही आवडायचे.

घोडं अडलं फोटोपाशी. त्यांनी कुणा नटाचा फोटो आणला होता, तो दिग्दर्शकाला पटेना. चेहरा या भिंतीवरचा वाटत नाही म्हणाला. मग त्याची नजर कपाटावर ठेवलेल्या वडिलांच्या फोटोकडे गेली. फौजेतून निवृत्त होताना काढलेला, छातीवर पदकं, मिशीला पीळ.

वडील एका पायावर तयार झाले. "लावा की! मेल्यावर आपला फोटो कसा दिसतोय ते कुणाला बघाय मिळतंय? मी आत्ताच बघून घेतो."

आई चवताळली. "आवं, जित्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात व्हय कुटं? काय याड लागलंय का तुमाला?"

दिग्दर्शकाचं म्हणणं, हाराशिवाय माणूस गेलाय हे कळणार कसं? त्याचंही बरोबर होतं. मी मध्ये पडले. नाटकातला राजा खरा राजा असतो का, वगैरे जे सुचलं ते बोलले. शेवटी आई कबूल झाली, पण एका अटीवर. शॉट संपला की हार लगेच काढायचा, आणि तो तिनंच काढायचा.

मग ते रोजचंच झालं. 'कट' ऐकू आलं की आई पदर खोचून आत शिरायची, स्टुलावर चढायची आणि चंदनाचा हार उतरवायची. पुढच्या शॉटला पोरं पुन्हा घालायची, ही पुन्हा काढायची. सगळ्यांना गंमत वाटायची. संध्याकाळी ती वडिलांना दारात बसवून मीठमोहरीनं त्यांची दृष्ट काढायची. एकदा ते दिग्दर्शकानं पाहिलं.

"मावशी, हे सिनेमात घेऊया का? किती खरं आहे हे!"

"खरं हाय म्हणूनच न्हाई," आई म्हणाली आणि मोहरी चुलीत टाकली.

तेव्हा मला तिचा रागच आला होता. एवढा चांगला शॉट हिनं घालवला, असं वाटलं होतं.

शूटिंग संपलं. फ्रीज आत आला, पोती गेली, फोटो परत कपाटावर बसला. खिळा मात्र राहिला. उपटला तर गिलावा निघेल म्हणून वडिलांनी हात लावू दिला नाही.

काही महिन्यांनी, मी सुटीला घरी असताना, वडिलांच्या छातीत कळ आली. उंब्रजच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता साताऱ्याला न्यायला सांगितलं. गाडी आली, अर्धं गाव दारात जमलं. साताऱ्यात त्यांना आत घेतलं आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मग आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढला हुता मी हार. दर बारीला काढला हुता."

"हो गं आई."

"एकांदा ऱ्हायला असंल का गं?"

मी शिकलेली बाई. काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. पण मीसुद्धा मनात एकेक शॉट आठवून बघत होते. दारातला शॉट, रात्रीच्या जेवणाचा, पोराच्या भांडणाचा. प्रत्येक वेळी आई स्टुलावर चढलेली आठवते का? एका ठिकाणी मला काही केल्या आठवेना. मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले, परत उठले.

वडील वाचले. स्टेंट टाकला, चार दिवस ठेवून घेतलं. नेमका त्याच आठवड्यात सिनेमाचा ट्रेलर आला. आमचं लक्ष कशाला असणार तिकडे? आमचे फोन कधी बंद, कधी पिशवीत.

लोणंदला माझी आत्या असते, वडिलांची धाकटी बहीण. तिला रक्तदाबाचा त्रास म्हणून वडिलांचं दुखणं तिच्यापासून लपवलं होतं. नातीनं फोनवर तिला ट्रेलर दाखवला. त्यात आमचं घर, आमची भिंत आणि हार घातलेला दादा. शूटिंगचं तिला माहीत होतं, हाराचं कुणी बोललं नव्हतं. तिनं आम्हाला फोन लावले, कुणी उचलला नाही. शेजारी लावला तर कळलं, त्यांना गाडीतून साताऱ्याला नेलंय, घराला कुलूप हाय. आत्यानं जे समजायचं ते समजून घेतलं.

वडिलांना घरी आणून तास झाला असेल. कोपऱ्यावरून हंबरडा ऐकू आला. आत्या रडत, धडपडत येत होती, मागे तिची सून, हातात मयताच्या घरी नेतात त्या कडू घासाचं, पिठलं-भाकरीचं गाठोडं. दार वडिलांनीच उघडलं.

आत्यानं त्यांच्या दंडाला हात लावून बघितला. "दादा... तू हायंस व्हय?"

"हाय की. ये, बस."

ती उंबऱ्यातच बसली आणि आता वेगळं रडायला लागली. वडील हसायला लागले, त्यांना डॉक्टरांनी हसायचीही मनाई केली होती. मग आत्या चिडली. "खोटं कसं वाटंल मला? घर तुमचंच, भित तुमचीच, फोटू तुझाच! तिथं काय खोटं हुतं, सांग की!"

वडिलांना पिठल्याचा वास आला होता, त्यांचं लक्ष गाठोड्याकडे. आईनं ते सुनेच्या हातातून घेतलं, घरात आणलंच नाही, तसंच मागच्या दारी नेऊन म्हशीपुढं सोडलं. त्या दिवशी आई आत्याशी बोलली नाही. माझ्याशीही नाही.

पुढे सिनेमा लागला. सांगलीत क्लबाबरोबर पाहिला. चांगला होता, हे मला मान्य करावंच लागेल. नट कुठे नटासारखे वागत नव्हते, आमची गल्ली आमच्या गल्लीसारखी दिसत होती. रात्रीच्या जेवणाचा प्रसंग आला आणि आईचं पात्र करणाऱ्या बाईमागे तो फोटो दिसला. हार, बारीक लाल दिवा. मी माणसांचे पाय तुडवत बाहेर आले आणि घरी फोन लावला. किती वेळ वाजत राहिला कोण जाणे.

"हं, बोल," वडील म्हणाले.

"जेवलात का?" एवढंच विचारलं.

नंतर चर्चेत एकजण म्हणाला, या सिनेमात एकही खोटी फ्रेम नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, घर माझं ना. मला भांडावंसं वाटत होतं, पण कशाशी ते कळत नव्हतं. भिंत खरी, चेहरा खरा, पदकं खरी. आणि ते सगळं मिळून माझ्या जिवंत बापाला मारत होतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

गेल्या रविवारी गावी होते. आता त्या खिळ्याला वडिलांची पांढरी टोपी असते. ती तिथं आईनंच ठेवायला लावली आहे. रोज सकाळी वडील ती काढून डोक्यावर घालतात आणि स्टँडवर पेपर आणायला जातात. त्या दिवशी मी उठले तर उजाडून गेलं होतं, आणि टोपी खिळ्यालाच. मी तशीच उभी राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचं रिकामं भांडं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

तेवढ्यात अंगणातून खाकरल्याचा आवाज आला.

"आवं, टोपी कुणी घालायची?" आई केवढ्यांदा ओरडली.

"कोपऱ्यापतूर तर जायचंय! टोपी कशाला?"

"ते काय न्हाई. आदी आत या."

वडील कुरकुरत आत आले, खिळ्यावरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि गेले. आईनं भिंतीवरचा रिकामा खिळा एकदा नीट बघून घेतला, आणि मगच गॅस पेटवला.