कप्तान कशाला भ्यायचे

पोस्टाचा शिपाई तार घेऊन आमच्या पंचवटीच्या गल्लीत शिरला, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकाला तांब्याचा हंडा दाखवत होतो. तार समोरच्या घरची, अनंतराव कप्तानांच्या घरची होती. वहिनींना इंग्रजी येत नाही, म्हणून ती मीच वाचली. कप्तान मुंबईच्या इस्पितळात तापाने गेले होते... मी कसंबसं सांगितलं. वहिनींनी दाराची चौकट धरली आणि विचारलं, "आणि बोट? बोटीवरची माणसं सुखरूप आहेत ना?" दीड महिना झाला, तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

अनंतराव कोकण किनाऱ्यावरच्या उतारूंच्या आगबोटीचे कप्तान. मुंबईहून निघायचं, बंदराबंदरावर माणसं उतरवत, चढवत गोव्यापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. वहिनींना छातीचा विकार. खाऱ्या हवेपासून लांब ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून या दर्यावर्दी माणसाने नाशकात बिऱ्हाड केलं. पावसाळ्यात बोटी बंद असत, तेवढे महिने ते घरी. गल्ली त्यांची थट्टा करायची, "काय कप्तान, गोदावरीला पूर आलाय, काढता का बोट?" ते हसायचे, पण पूर बघायला काही यायचे नाहीत. मी जन्माचा भित्रा. मला वाटायचं, या माणसाला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नसणार.

कायदेभंगाच्या धामधुमीतली गोष्ट. लग्नसराईची भांडी घेऊन मी त्यांच्या बोटीने मालवणला निघालो होतो. डेकवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिसऱ्या प्रहरी किनाऱ्यावरच्या टेकडीवर देवीचं देऊळ दिसलं. कुणीतरी "आई दिसली" म्हणालं आणि सगळे उतारू उठले. हातात नारळ घेतलेल्या बायका, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, सगळे एकाच कठड्याकडे धावले. मीही धावलो. म्हटलं, फुकटचं दर्शन कशाला सोडा? आणि पायाखालच्या फळ्या उतरत्या झाल्या. माझे हंडे घरंगळत कठड्यावर जाऊन आदळले. पाणी एकदम जवळ दिसलं... तेवढ्यात कप्तान खाली आले, पण सावकाश, जेवायला पानावर निघालेल्या माणसासारखे. मोकळ्या दर्याच्या बाजूला जाऊन त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "आईला नमस्कार झाला ना? आता अर्धे इकडे या आणि दर्यालाही करा. हळू या. त्याला रुसवून कसं चालेल?" लोक हसले. दोघं-चौघं आले, मग त्यांच्यामागून आणखी काही. बोट हळूहळू सरळ झाली.

नंतर त्यांच्या केबिनमध्ये चहा आला. त्यांनी कपाला हात लावला नाही. "ओरडलो असतो तर सगळे एकदम पलीकडे धावले असते, शेठ. मग संपलंच होतं. लाटेला मी भीत नाही. माणसं एका अंगाला धावली की भितो. दर फेरीला भितो." मग माझं मनगट धरून म्हणाले, "हिला यातलं काही सांगू नका हां. आधीच तिची छाती कमजोर."

त्या फेरीनंतर ते बोट इतकी बाहेरून नेऊ लागले की देऊळ दिसूच नये. उतारूंनी बोभाटा केला, कप्तान नास्तिक आहे म्हणून. कचेरीत तक्रारी गेल्या, ठपका आला, एकदा तर नोकरीवरच आलं होतं. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. ते उतारूंच्या कानावर गेलं, तर बोट जरा हलली की पळापळ होईल, असं त्यांचं म्हणणं. नास्तिक हे नाव आमच्या गल्लीतही पोचलं. मी शब्द दिला होता, गप्प बसलो. पण तारवाला गल्लीत दिसला की तेव्हापासून मलाही धडकी भरायची. वहिनींना काही ठाऊक नाही, एवढंच काय ते समाधान.

परवा वहिनींकडे गेलो. कप्तानांच्या खोलीत त्यांची लाकडी खाट तशीच आहे. म्हटलं, आता लपवून तरी काय करायचं? त्या फेरीची गोष्ट सांगायला घेतली. वहिनींनी मला मध्येच थांबवलं.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कळलं. झोपेत बोलायचे. घामाने भिजून जायचे आणि म्हणायचे, अर्धे इकडे या, हळू या..."

"मग त्यांच्याकडे कधी विषय काढला नाहीत?"

"मला ठाऊक नाही असं त्यांना वाटायचं. तेवढं एक ओझं तरी त्यांना नव्हतं. मी आपली उठून त्यांच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसायची. मग निजायचे शांत."

हे सांगताना त्या खाटेच्या अगदी भिंतीकडच्या कडेला बसल्या होत्या. बाकीची सगळी खाट रिकामी होती. मी निघालो, तरी त्या तिथून सरकल्या नाहीत.