किसनच्या तोंडचं गाऱ्हाणं

आडवेळ ग्रामस्थ मंडळाच्या शारजा शाखेत अध्यक्ष बापूंच्या विरोधात उभं राहायचं म्हणजे खाल्ल्या अन्नाला विसरायचं. किसन विसरला नव्हता. साइटवर करवतीखाली त्याची दोन बोटं गेली तेव्हा शारजातल्याच रोल्ला भागातल्या बापूंच्या खानावळीतून सतरा दिवस हॉस्पिटलात डबा आला होता. कुणाचा व्हिसा अडो, कुणाचं प्रेत गावी पाठवायचं असो, बापू चप्पल घालून निघालेलेच. तरी २००१ साली किसननं अध्यक्षपदाचा फॉर्म भरला.

कारण एकच, वाडीचा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल. वाडी वहाळापलीकडे, हायस्कूल अलीकडे. मिरगापासून तीन महिने वाट बंद. त्याची लेक रुपाली यंदा सातवीला. जूनच्या आत वहाळावर साकव बांधून झाला तर आठवी, नाहीतर पोरीची शाळा संपली. बापूंनी मंडळाच्या वर्गणीतून पहिल्या खेपेला गावच्या वेशीवर कमान उभी केली, दुसऱ्या खेपेला देवळासमोर सभामंडप. साकवाचं काढलं की म्हणायचे, "नेक्स्ट टर्मला नक्की, हबीबी. इन्शाल्ला."

उम्म अल कुवैनच्या कॅम्पातल्या साठ जणांनी किसनला शब्द दिला होता. फोरमन मोहिद्दीन, तोही आडवेळचाच, खोल्याखोल्यांतून प्रचार करत फिरला. "बापूंच्या कमानीखालसून रोज जातला कोण? म्हशी! त्येंका मत देवक सांगा," म्हणायचा, आणि माणसं पोट धरून हसायची.

मार्चातल्या शुक्रवारी बापूंच्या खानावळीवरच्या हॉलात सभा भरली. मोहिद्दीन जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. मतदानाआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांसाठी देवाकडे मागायचं, हा रिवाज. आणि गाऱ्हाण्याचा मान किसनच्या घराण्याचा. उमेदवार असला म्हणून मान सुटतो थोडाच? किसननं डोळे मिटले आणि बापाच्या ठेक्यात सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, मुलूख सोडून इल्ली ही तुझी लेकरां आज हय जमली हत..."

"व्हय महाराजा!"

"त्येंच्या हातापायाक बळ दी, कामाधंद्याक यश दी..."

"व्हय महाराजा!"

नऊ वर्षं घातलेलं गाऱ्हाणं. जीभ आपल्या वाटेनं धावत सुटली.

"आणि आमचे अध्यक्ष बापू, त्येंच्या हातान चललेला काम असाच पुढे चलांदे, त्येंका सगळ्यांपरास जास्ती यश दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" दीडशे गळ्यांनी हॉल दणाणला.

किसननं डोळे उघडले. कुणीतरी खुदकन हसलं. बापू नारळासमोर हात जोडून उभे होते आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"बापूनू, चुकान गेला ह्या," किसन पुटपुटला.

"देवापुढला चुकान कसा जायत रे?" मागून कॅम्पातलाच एक जण म्हणाला. शब्द देणाऱ्या साठांतला.

चिठ्ठ्या वाटल्या. किसन आपली चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेला. पेन स्वतःच्या नावावर टेकवलं आणि तिथंच अडकलं. देवाकडे एक मागायचं आणि कागदावर दुसरं लिहायचं, हे त्याला जमेना. त्यानं बापूंच्या नावावर खूण केली.

बापू एकशे एकोणपन्नास, किसन एक. ते एक मत उशिरा धापा टाकत आलेल्या मोहिद्दीनचं.

"तुझा सोताचा खय गेला?" त्यानं विचारलं. किसननं बापूंकडे मान वळवली. "खलास!" मोहिद्दीन म्हणाला आणि जिना उतरून गेला.

बापूंनी किसनला पोटाशी धरलं, पानात दोन जिलब्या जास्त वाढायला लावल्या. यंदा देवळावर तांब्याचा कळस, असं तिथंच जाहीर झालं.

संध्याकाळी किसननं गावातल्या दुकानावरच्या फोनवर बायकोला बोलावून घेतलं.

"बापू इले निवडान," तो म्हणाला.

सत्यभामानं विचारलं, "आणि गाऱ्हाणा?"

"मीच घातलंय."

गाऱ्हाण्यात काय असतं ते तिलाही पाठ होतं.

"मगे गुरुजींका सांगतंय," ती म्हणाली. "चेडवाचा नाव हायस्कुलात घालू नकात म्हणान."

"सांग," किसन म्हणाला.