नाव नसलेला ट्रान्सफॉर्मर

ट्रामच्या तिकिटाची नळी करून तो कान कोरायचा. चहा बशीत ओतून विसरायचा. भंगारातली वस्तू आधी हुंगायचा. जळलेलं वार्निश त्याला नाकानं कळायचं. मला ‘कविराज’ म्हणायचा. मी एकही कविता केलेली नव्हती. साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो, तेवढं त्याला पुरे होतं.

श्यामकांत केळुसकर. सरकारी हिशेब खात्यातून बदलीवर आलेला, राहायला बागबाजारात. धाकटा भाऊ दिगंबर नैरोबीला. दोघेही हौशी रेडिओवाले. रविवारी संध्याकाळी दिगंबर मोर्समध्ये दादाला हाक मारायचा. बॅटरीच्या रिसीव्हरवर श्यामकांतला ती ऐकू यायची. उत्तर देता येत नव्हतं.

ट्रान्समीटर त्यानं घरीच बांधला होता. एक मोठा ट्रान्सफॉर्मर तेवढा हवा होता. तो चांदनीच्या बाजारात मिळाला. लष्करी भंगारातला, नावाची पट्टी खरवडलेली, सगळ्या तारा काळ्या.

“आली माझी सवत,” वृंदावहिनी म्हणाल्या. “नाव काय हिचं?”

“तेच तर शोधायचंय.”

“बिननावाची, आणि बसवलीत देवघरापाशी!”

त्याची रीत ठरलेली होती. त्या गल्लीत डीसी वीज. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, पण तारांच्या जोड्या लावता येतात. मध्ये एक बल्ब घालून दोन तारांतून वीज सोडायची. बल्ब पेटला की जोडी जुळली. बाकीच्या तारा निर्जीव. त्या तो खुशाल हातात धरायचा. जोड्या लावून झाल्या की ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे भवानीपूरला आणायचा. आमच्याकडे एसी. कुठल्या जोडीवर किती व्होल्ट, ते तिथं मोजायचा.

“गल्लीत एसी येऊ दे, कविराज. मग ही हमाली संपली. आणि दिग्याला उत्तरही देता येईल.”

एसी आली तेव्हा तो आसनसोलला दौऱ्यावर होता. माणसं येऊन जिन्याखालचा मीटर बदलून गेली. वहिनींना वाटलं, जुना बिघडला असेल. घरात डीसीवरचा पंखा नव्हता, नाहीतर तो अडून कळलं असतं. दिवे पूर्वीसारखेच लागत होते.

रविवारी दुपारी तो परतला आणि आंघोळ न करताच तारा घेऊन बसला. दोन तारांना वीज लावली. बल्ब पेटला नाही.

“ही जोडी नव्हे,” तो वहिनींना म्हणाला. ती न सोडवताच पुढची दोन टोकं खरवडायला त्यानं बोटांत धरली.

जोडी तीच होती. एसीवर धडधाकट ट्रान्सफॉर्मर असला की मधला बल्ब जवळजवळ विझलेलाच राहतो, हे मला नंतर एका इंजिनिअरनं सांगितलं. एसीवर एका जोडीतली वीज बाकीच्या जोड्यांतही उतरते; त्याच्या हातातल्या तारांत तेव्हा हजारावर व्होल्ट होते.

त्याला निमतल्याच्या स्मशानात पोचवून आलो. त्या संध्याकाळी दिगंबरनं हाक मारली असेल. रिसीव्हर कोणी लावला नाही.

वहिनी नागपूरला गेल्या. सामान माझ्याकडे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या चार तारा अजून सुट्या आहेत. ट्रान्समीटरच्या मागचे दोन स्क्रू त्यानं सैल करून ठेवलेत, तारा जोडायला.