पिशवी साहेबांकडे आहे

पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला खेटून, मुद्देमालाची खोली आहे. गुन्ह्यांत जप्त केलेली प्रत्येक वस्तू कोर्टात जाईपर्यंत इथे मुक्कामाला असते. सुरे, सळया, बिनचाकाच्या सायकली आणि अलीकडे मोबाईलच मोबाईल. या राज्याचे एकमेव धनी म्हणजे हवालदार कुलूपराव. हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं, या सवयीने ते त्यांना मिळवून दिलं होतं. घरी फ्रिजचं दारही ते असंच ओढून बघत. "अहो, दूध कुठे पळून जाणार नाही," असं बायको म्हणायची, आणि कुलूपराव तिच्याकडे अडाणी माणसाकडे बघावं तसं बघायचे.

मग एक दिवस वरून पिशव्या आल्या. करड्या, जाडसर, आतून चंदेरी अस्तराच्या. सोबत शिकवायला एक तरुण तज्ज्ञ आला आणि त्याने सगळ्यांना बाकांवर बसवून समजावलं. जप्त केलेला फोन नुसता टेबलावर ठेवला तर तो तुमच्या ताब्यात नसतो. मालकाचा कुणी सगासोयरा कुठेही बसून त्यातलं सगळं पुसू शकतो. फोन बंदही करायचा नाही, कारण बंद झाला की पुन्हा उघडणं महाकठीण. सिमकार्डाला हात लावायचा तो प्रयोगशाळेने. आपण फक्त फोन पिशवीत घालायचा आणि तोंड दुमडून घट्ट बंद करायचं. सिग्नल आत जात नाही, पुरावा सुखरूप राहतो.

प्रात्यक्षिकासाठी ठाण्याच्या साहेबांनी स्वतःचा फोन पिशवीत घातला. लेखनिकाने त्यांचा नंबर लावला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे," फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली. साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो बढतीच्या दिवशीही कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून पिशव्यांना पाय फुटले. साहेबांनी एक नेली, वरच्या साहेबांचे सुट्टीतले फोन चुकवायला. लेखनिकाने एक नेली, मेहुण्याला चुकवायला. ड्रायव्हरला चुकवण्यासारखं कुणीच नव्हतं, म्हणून त्याने पोळ्या गरम ठेवायला नेली आणि गरम डब्याने तिचं अस्तर जाळून परत केली. कुलूपराव प्रत्येकाला पिशवीचं महत्त्व सांगणारं छोटेखानी भाषण ऐकवायचे आणि भाषण संपलं की पिशवी हातात द्यायचे. स्वतःही ते एका रविवारी थोरल्या बहिणीच्या तक्रारींपासून पिशवीच्या आडोशाला लपले होते. फार छान झोप लागली, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

होता होता धड अशी एकच पिशवी उरली. शनिवारी संध्याकाळी साहेब ती घ्यायला आले, कारण त्यांची आधीची कुठेतरी हरवली होती. "उद्या एक दिवस शांततेत जाऊ दे, कुलूपराव." कुलूपरावांनी ती पुसून, घडी करून दिली.

रविवारी दुपारी फोटो स्टुडिओवाल्याला पकडून आणलं. शिवणकाम करणाऱ्या एका मुलीचे फोटो दाखवून तो तिला वर्षभर धमकावत होता. धमक्यांचे मेसेज त्याने तिच्या फोनमधून तिच्याच हाताने पुसून घेतले होते. आता जे काही होतं ते त्याच्या फोनमध्ये. तो फोन टेबलावर आला तेव्हा मुलगी बाहेर बाकावर ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत बसली होती, आणि स्टुडिओवाल्याचा भाऊ दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर मोकळा होता.

कुलूपरावांनी कपाट उघडलं. आत जळक्या अस्तराची पिशवी होती.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे," बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली. पिशवी उत्तम काम करत होती, यात शंकाच नव्हती. त्यांनी ड्रायव्हरला साहेबांच्या घरी पिटाळलं आणि तोवर स्वतःच्या डब्यातला पोळ्यांचा चंदेरी कागद फोनभोवती गुंडाळला. कागद होता तोकडा. एक कोपरा उघडाच राहिला, आणि त्यातून फोन लग्नातल्या बॅन्डसारखा वाजू लागला. कुलूपराव घामाघूम झाले.

ड्रायव्हरचा फोन आला. "काका, वहिनी दारात आहेत. म्हणतात, साहेब आत्ताच झोपलेत. उठवू का?"

आता हा प्रश्न होता का? एका बाजूला एका मुलीचं अख्खं आयुष्य, दुसऱ्या बाजूला साहेबांची दुपारची झोप. ज्याला थोडीशी अक्कल आहे, तो दार तोडेल. कुलूपरावांना अक्कल होती, पण नोकरीही होती.

"नको," ते म्हणाले. "उठतीलच की थोड्या वेळात. तू थांब तिथेच."

थोड्या वेळात फोन गप्प झाला. त्यांना बरं वाटलं. मग राहवेना म्हणून त्यांनी कागद उलगडला. पडदा पांढरास्वच्छ होता आणि त्यावर एकामागून एक भाषांत नमस्कार उमटत होता. फोन अगदी नवा, कोरा, कुणाचंही काहीही न पाहिलेला झाला होता.

साहेब चहाच्या वेळेला आले, ताजेतवाने, पिशवी घेऊन. फोन पाहून ते क्षणभरच गडबडले. "हे बघा कुलूपराव, फोन आणला तेव्हापासून असाच होता. भावाने आधीच पुसलेला. तसं लिहा आणि पिशवीत घालून सील करा. आपल्यावर बालंट नको." पुसलेला फोन मग सगळे नियम पाळून पिशवीत गेला. तोंड दुमडलं, सील लागलं, सह्या झाल्या. त्यातली एक कुलूपरावांची होती.

ते बाहेर आले. मुलगी उभी राहिली.

"काका, फोन त्या पिशवीत ठेवला ना? तुम्हीच मघाशी सांगितलंत, पिशवीत ठेवला की कुणी काही करू शकत नाही."

"ठेवला," कुलूपराव म्हणाले. आणि हे शंभर टक्के खरं होतं.

"मग झालं." तिने एवढा मोठा श्वास सोडला की तो तिने वर्षभर धरून ठेवलेला असावा. "तो कोर्टात म्हणणार, मी खोटं बोलते म्हणून. आता म्हणू दे. तुमचे फार उपकार झाले, काका." ती हसली, पर्स खांद्याला लावली आणि फाटकाकडे निघाली.

कुलूपरावांना आयुष्यात अनेकदा ओशाळं वाटलं होतं, पण ते सगळं वरवरचं. ही लाज निराळी होती. जी कोर्टात खोटी ठरणार होती ती त्यांच्याच सहीने ठरणार होती, आणि ती त्यांचे आभार मानून चालली होती.

"अगं, थांब," ते ओरडले. आवाज एवढा मोठा निघाला की पहारेकऱ्याने वळून पाहिलं. "बस इथे. मी तुला अर्धंच सांगितलं."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. पिशवी कुठे होती, कुणाची झोप होती, 'नको' कोण म्हणालं आणि नंतर कागदावर काय लिहिलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. ते सोपं गेलं असतं.

"म्हणजे इथे आला तेव्हा फोनमध्ये सगळं होतं," ती सावकाश म्हणाली. "पण हे कोर्टात कोण सांगणार?"

आतून साहेबांनी दुसऱ्या चहासाठी हाक मारली.

"मी सांगेन," कुलूपराव म्हणाले, आणि आत न जाता तिच्या शेजारी बाकावर बसले.